लेखी आणा

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मंडईच्या मागच्या गल्लीत एक छापखाना होता. गाव, छापखाना आणि त्यातली माणसं मी गोष्टीसाठी रचली आहेत. त्यांच्याभोवतीची वर्षं, कायदे आणि कोर्टाचे निकाल मात्र आपल्याच देशात घडलेले आहेत.

छापखाना अण्णांचा. पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या केसेस ठेवलेल्या दोन लाकडी घडवंच्या आणि कागद कापायचं एक जुनं यंत्र. लग्नसराईत पत्रिका, जत्रेच्या दिवसांत हँडबिलं, वर्ष संपलं की सोसायट्यांचे अहवाल आणि पावतीपुस्तकं. दर गुरुवारी चार पानांचं एक साप्ताहिक निघे. ते निवृत्त शाळामास्तर चालवत, म्हणून गावात सगळे त्याला 'मास्तरांचा पेपर' म्हणत. आणि खिळे जुळवायला होते तात्या. सातवीची फायनल झालेली, पुढं परिस्थितीमुळं शिक्षण थांबलेलं. जुळाऱ्याला मजकूर उलटा वाचावा लागतो. तात्यांना त्याची इतकी सवय झाली होती, की टेबलापलीकडच्या माणसानं कागद आपल्या बाजूनं धरला असला तरी तो ते सहज वाचत. पुढं एकदा ही सवय कामाला आली.

१९७५ च्या २६ जूनला गुरुवार होता. मास्तरांच्या पेपरात त्या दिवशी पहिल्या पानावर नळाच्या पाण्याची बातमी होती. अंक आदल्या रात्री छापून झालेला. सकाळी रेडिओवर पंतप्रधानांचा आवाज आला आणि देशात आणीबाणी असल्याचं कळलं. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी रात्री सही केली होती. केंद्रीय मंत्रिमंडळाला हे सांगितलं गेलं सकाळी सहाच्या बैठकीत, म्हणजे सही होऊन गेल्यावर. दोन आठवड्यांपूर्वी, १२ जूनला, अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरवली होती. ती बातमी मास्तरांनी ठळक टायपात छापली होती. तो टाइप अजून तात्यांनी सोडवून केसमध्ये परत टाकलाही नव्हता.

छापखान्यात पोलीस आले नाहीत. दोन दिवसांनी तहसील कचेरीतले कारकून आले. ओळखीचे, शेजारच्या आळीतले. चहा घेतला आणि उठताना म्हणाले,

"अण्णा, साहेबांचा निरोप आहे. जरा जपून."

"कशाबद्दल जपून?"

"आता ते काय सांगायला पाहिजे का?"

ते गेले. अण्णा कितीतरी वेळ मशीनजवळच्या स्टुलावर बसून राहिले. काय करायचं नाही हे सांगितलंच नसल्यामुळं काय-काय करायचं नाही याची यादी त्यांनी मनातच तयार करायला घेतली. माणसाच्या मनातली यादी सरकारी यादीपेक्षा नेहमी लांब असते.

पुढच्या अंकात मास्तरांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडायची ठरवली. 'इंडियन एक्स्प्रेस'नं २८ जूनला तसं केल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. अण्णा म्हणाले, "मास्तर, कोरी जागा ओरडते." कोऱ्या जागेवर सरकारचीही लवकरच बंदी आली, ते पुढचं. अण्णांनी ती आधीच आणली. त्या जागेवर आवळकाठी तेलाची जाहिरात गेली.

मग एकेक गोष्ट गळत गेली. हमाल-तोलाईवाल्यांच्या सभेचं हँडबिल अण्णांनी 'मशीन बिघडलंय' म्हणून परत पाठवलं. कॉलेजच्या गॅदरिंगच्या पत्रिकेत नाटकाचं नाव होतं. नाटक शिवकाळातलं, पण नावात 'बंड' होतं. ते बदलून आणा म्हणाले. दूध सोसायटीच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत 'सभासदांचे प्रश्न' असा एक विषय दरवर्षी असे. चेअरमननं न सांगता अण्णांनीच तो काढला. चेअरमनला बरंच वाटलं. त्याच्या पुढच्या वर्षी तो विषय त्यानं स्वतः काढून पाठवला. प्रश्न विचारायची सवय मोडायला असं एखादं वर्ष पुरतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: गाव सुरुवातीला खूश होतं. कचेरीतली माणसं साडेदहाला जागेवर दिसू लागली. रेशनच्या दुकानात काटा सरळ झाला. संप नाही, मोर्चा नाही. "शिस्त आली," असं पारावर म्हातारी माणसंही म्हणत. पवनारहून विनोबांच्या नावानं 'अनुशासन पर्व' हे शब्द आले आणि सरकारनं ते भिंतीभिंतीवर रंगवले. लोकशाही हातातून जाते तेव्हा बहुतेकांना काहीतरी मिळाल्यासारखंच वाटत असतं. गेलेली वस्तू कोणती, हे कळायला ती लागावी लागते. ज्यांना ती आधी लागते, ती माणसं थोडी असतात आणि त्यांचा आवाज तोवर बंद झालेला असतो.

गावात अशी पहिली माणसं म्हणजे भाऊंचं घर. भाऊ समाजवादी कार्यकर्ते, हमालांची संघटना चालवणारे. जुलैमध्येच त्यांना मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली पकडून येरवड्याच्या तुरुंगात नेलं. खटला नाही, आरोप नाही, किती दिवस ते नाही. ऑगस्टमध्ये दोन घटनादुरुस्त्या लागू झाल्या. ३८ व्या दुरुस्तीनं आणीबाणीच्या घोषणेला कोर्टात आव्हान देण्याची वाट बंद केली. ३९ व्या दुरुस्तीनं पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद कोर्टाच्या हाताबाहेर काढला. त्यातला हा भाग नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं रद्द ठरवला, पण निवडणूक कायम ठेवली. एकाही दिवशी संसदेला कुलूप लागलं नाही. कोर्टं भरत होती, न्यायाधीश बसत होते, राजपत्र वेळेवर निघत होतं. सगळं कायद्यानं चाललं होतं आणि भाऊ कायद्यानंच आत होते.

डिसेंबरात कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरलं. मास्तर आणि तात्या एस.टी.नं गेले. अध्यक्ष दुर्गा भागवत होत्या. गाव यशवंतराव चव्हाणांचं आणि ते स्वतः, केंद्रातले मंत्री, तिथं उपस्थित. विरोधकांचे नेते जयप्रकाश नारायण तेव्हा मूत्रपिंडं निकामी होऊन मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते. दुर्गाबाईंनी लेखकाच्या स्वातंत्र्याबद्दल जे बोलायचं ते बोलल्याच आणि जयप्रकाशांना बरं वाटावं म्हणून सगळ्यांना प्रार्थना करायला सांगितलं. मांडव उभा राहिला. तात्या मागच्या रांगेत होते. परतीच्या एस.टी.त ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, बाईंना कुणी सांगितलं नव्हतं का, जरा जपून म्हणून?"

"सांगितलं असेल की."

"मग?"

"मग त्यांनी ऐकलं नसेल." मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

पुढच्या वर्षी दुर्गाबाईंनाही अटक झाली. पण त्या दिवशी शेकडो माणसांनी आपल्या शेजारचा माणूस उभा राहिलेला पाहिला होता. भीतीला सगळ्यात जास्त त्रास होतो तो याचा. आपण एकटेच आहोत या समजुतीवर ती जगते, आणि तो समज एकदा डोळ्यांदेखत फुटला की कुठल्याही वटहुकमानं पुन्हा सांधता येत नाही.

जानेवारी संपताना भाऊंची बायको, वहिनी, छापखान्यात आल्या. सोबत मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं. भाऊंना पॅरोल मिळेल की नाही ते कळत नव्हतं. पत्रिकेचा मजकूर मुलीनंच वळणदार अक्षरात लिहून आणला होता. वर गजाननाचं नाव आजीच्या आग्रहानं, खाली वेळ, स्थळ, आणि शेवटी विनीत म्हणून भाऊंचं नाव. नावापुढं तिनं लिहिलं होतं: सध्या मुक्काम येरवडा कारागृह.

अण्णांनी कागद खाली ठेवला.

"पोरी, हे नको. मुक्काम तर नकोच. आणि नावही... आजोबांचं टाकू. ते वडीलधारे आहेत, शोभेल."

"अण्णाकाका, बाप जिवंत आहे माझा," मुलगी म्हणाली.

"अगं, तसं नाही. अटकेतल्या माणसांची नावं छापायला बंदी आहे."

तात्या आतून आले. हातात खिळे जुळवायची स्टिक, बोटं शिशानं काळी. "बंदी कुणाला आहे?"

"पेपरांना आहे."

"ही लग्नपत्रिका आहे. कुणी सांगितलं आपल्याला, पत्रिकेत नाव छापू नका म्हणून?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? कळतं आपल्याला."

"अण्णा, मला नाही कळत. मी विचारून येतो."

तात्या तसेच पायात चपला सरकवून कचेरीत गेले. तेच कारकून. तात्यांनी विचारलं, लग्नपत्रिकेत वधूपित्याचं नाव आणि पत्ता छापायला सरकारची हरकत आहे का. कारकुनांनी आधी इकडंतिकडं पाहिलं, मग कपाटातून फाइल काढली आणि आपल्या बाजूनं उघडून चाळली. तात्या समोर उभे होते. टेबलावरचा टंकलिखित कागद त्यांनी उलटा वाचला. त्यात वृत्तपत्रं होती, नियतकालिकं होती, बातम्या होत्या, अफवा होत्या. पत्रिका कुठंच नव्हती.

"नका छापू," कारकून म्हणाले. "कशाला उगीच."

"बरं. मग तेवढं लेखी द्या. मी अण्णांना दाखवतो, मुलीच्या आईला दाखवतो. म्हणजे माझ्याकडं बोट नको."

"असलं कुठं लेखी देतात का?"

"साहेबांना विचारा. मी थांबतो."

कारकून आत गेले. तात्या बाकावर बसून राहिले. जेवायची सुटी झाली, संपली. शेवटी कारकून बाहेर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब म्हणतात, तुमचं तुम्ही बघा."

ही गोष्ट ज्याच्यासाठी सांगायला घेतली, ते मला या ठिकाणी नीट मांडायचं आहे. 'तुमचं तुम्ही बघा' हे एका घाबरलेल्या तहसीलदाराचं वाक्य नव्हतं. सगळी यंत्रणाच त्यावर चालली होती. दिल्लीत २५ जूनच्या रात्री बहादूरशाह जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांची वीज तोडली गेली, सकाळचे अंक निघू नयेत म्हणून. ती तोंडी हुकमानं. 'हिंदुस्तान टाइम्स' आणि 'स्टेट्समन' यांना वीज दुसऱ्या नगरपालिकेकडून मिळत होती, ती तोडायची राहून गेली, म्हणून त्यांचे अंक निघाले. आणीबाणीनंतर न्यायमूर्ती शहा यांच्या आयोगानं चौकशी केली तेव्हा हेच पुन्हापुन्हा समोर आलं: हुकूम तोंडी, फोनवरून, कागद नंतर तयार केलेले, काही अटकांच्या हुकमांवर तर सह्या आधी आणि कारणं मागाहून. वरच्यानं खालच्याला सुचवायचं, खालच्यानं त्याच्या खालच्याला, आणि शेवटी छापखान्याचा मालक स्वतःच्या हातानं बापाचं नाव काढणार. कुणाच्याच हाताला शाई लागत नाही.

सही करायला सत्तेला संकोच वाटतो, कारण सही केली की ती गोष्ट कुणाचीतरी होते. तिला नाव मिळतं, तारीख मिळते, तिच्यावर दाद मागता येते. म्हणून जो नागरिक नम्रपणे, आवाज न चढवता 'लेखी द्या' म्हणतो, तो मोठी अडचण करतो. तो कायदा मोडत नाही. कायद्याच्या नावावर जे चाललंय ते खरोखर कायदा आहे का, एवढंच विचारतो.

हा काही मंत्र नव्हता, हेही सांगतो. हजारोंच्या बाबतीत कागद आला, सहीशिक्क्यानिशी आला आणि त्या कागदानं त्यांना आत टाकलं. मिसा आणि भारत संरक्षण नियम मिळून लाखाहून अधिक माणसं तुरुंगात गेली. मृणाल गोऱ्यांसारख्यांनी महिनोन्महिने भूमिगत राहून काम केलं. ती वाटही धैर्याचीच होती, आणि तिथं लेखी मागायला जागाच नव्हती. पण प्रत्येक गावात भूमिगत होणारं माणूस नसतं. जुळारी, कारकून, शिक्षक, कंडक्टर, सोसायटीचा सेक्रेटरी मात्र असतो. आणि हुकूमशाहीला रोजची मदत ह्याच माणसांची लागते.

पत्रिका छापली. नाव आणि मुक्काम दोन्हीसकट. सगळ्यात खाली, कायद्यानं तेव्हा लागायची ती मुद्रकाची ओळही होती. अण्णांनी ती बारीक टायपात घ्या म्हटलं होतं. तात्यांनी ती नेहमीच्याच टायपात घेतली.

भाऊंना पॅरोल मिळाला नाही. लग्नाला गाव लोटलं असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं व्हायचे ते दिवस नव्हते. पुष्कळ जण आले नाहीत. काहींनी पोरांच्या हाती आहेर पाठवला. कारकून मात्र सहकुटुंब आले आणि पहिल्या पंगतीला बसले. घडलं ते वेगळंच. पत्रिका घराघरांत आरशाच्या चौकटीत, देव्हाऱ्याच्या कडेला खोचलेल्या राहिल्या. आसपासच्या गावांत सोयऱ्यांकडं गेल्या. वाचणारा विचारायचा, हे येरवडा काय? आणि मग घरातल्या कुणालातरी सांगावं लागायचं. मास्तरांच्या पेपरला जी बातमी सात महिन्यांत छापता आली नाही, ती मंगलाष्टकांबरोबर घरोघर पोचली.

मास्तर त्यानंतर बदलले. सेन्सॉरला मजकूर आधी दाखवायचा हुकूम तोवर आला होता. मास्तर स्वतःच जपून लिहीत, त्यामुळं कात्री लागायची वेळच येत नसे. आता त्यांनी ठरवलं: आपण आपल्याला कापायचं नाही. जे खरं आणि गावाच्या उपयोगाचं ते लिहायचं, गॅली प्रूफ काढून जिल्ह्याला पाठवायचं, आणि कापायचं असेल तर त्यांनी कापावं. फेब्रुवारीत कऱ्हाडच्या एका वकिलानं त्यांना मुंबई हायकोर्टाच्या निकालाबद्दल सांगितलं होतं. मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' या इंग्रजी नियतकालिकातला मजकूर सेन्सॉरनं नाकारला, मसानी कोर्टात गेले, आणि १० फेब्रुवारी १९७६ ला न्यायमूर्ती मदन आणि कानिया यांच्या खंडपीठानं मसानींच्या बाजूनं निकाल दिला. सरकारवर टीका आहे एवढ्यावरून सेन्सॉरला मजकूर अडवता येत नाही, नियमाबाहेर जाऊन त्याला कात्री चालवता येत नाही. न्यायाधीशांना हे तपासता आलं, कारण नाकारलेला मजकूर कागदावर त्यांच्यापुढं होता. जो मजकूर संपादकानं आपल्या मनातच मारला, त्याची दाद कोण घेणार?

गॅली लाल पेन्सिलीच्या रेघा घेऊन परत येऊ लागल्या. अंक गुरुवारचा शनिवारी, मग पुढच्या आठवड्यात निघू लागला. सरकारी जाहिराती बंद झाल्या. दूध सोसायटीनं अहवालाचं काम दुसऱ्या छापखान्याला दिलं, आणि ते वर्षातलं मोठं काम होतं. अण्णांनी दोन महिने तात्यांचा पगार अर्धाच दिला. तात्या कुरकुरले नाहीत, पण घरी भाकरीबरोबरचं कालवण गेलं. लाल रेघांची प्रत्येक गॅली ते घडी घालून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवत.

एप्रिलच्या २८ तारखेला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. नऊ हायकोर्टांनी स्थानबद्धांना दाद मागता येते असं म्हटलं होतं, त्यात मुंबईही होतं. सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असं ते फिरवलं: आणीबाणीत माणसाला विनाकारण डांबलं तरी त्याला हायकोर्टाचं दार ठोठावता येणार नाही. एक होते न्यायमूर्ती हंसराज खन्ना. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. भाऊंचा अर्जही त्या एप्रिलच्या निकालात वाहून गेला. वहिनींना मास्तरांनी निकाल समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "त्या एकांनी काय लिहिलंय ते वाचायला मिळेल का?" हरलेल्या बाजूचं म्हणणं लिहून ठेवलेलं असतं, यावर त्या बाईचा केवढा भरवसा! चार जण जिंकले आणि आज कायदा शिकणारी मुलं खन्नांचं नाव घेतात. २०१७ साली सुप्रीम कोर्टानंच तो जुना बहुमताचा निकाल मोडीत काढला.

१८ जानेवारी १९७७ ला निवडणुका जाहीर झाल्या. वरच्यांना वाटलं असावं की देश आपल्या बाजूनंच आहे. सगळीकडून बऱ्या बातम्याच येत होत्या. वाईट बातम्या छापायचीच सोय त्यांनी ठेवली नव्हती. सत्तेनं लोकांचं तोंड बंद केलं की तिचेच कान पहिल्यांदा जातात.

भाऊ सुटून आले, वाळलेले. त्यांच्या पक्षाची हँडबिलं छापायला गावात कुणी तयार होईना. अण्णा दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः मशीनवर उभे राहिले. म्हणाले, "तात्या, मुद्रकाची ओळ जरा ठळक घ्या."

मास्तरांच्या डोक्यात आणखी एक कल्पना आली. ट्रंक काढली आणि लाल रेघांच्या सगळ्या गॅली छापखान्याच्या बाहेरच्या भिंतीला ओळीनं चिकटवल्या. आठवडी बाजाराचा दिवस. माणसं थांबून वाचू लागली, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना पोरं वाचून दाखवू लागली. आत काहीतरी भयंकर राजकारण असेल अशी सगळ्यांची कल्पना. तिथं काय होतं? तलाठ्यानं सातबाऱ्याला पैसे घेतल्याची तक्रार. रॉकेल काळ्या बाजारात गेल्याची बातमी. एका वाडीची विहीर आटल्याची बातमी. नसबंदीची 'केस' आणली नाही म्हणून एका शिक्षकाचा पगार अडवला, ती बातमी. (सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळानं १९७६ साली मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही.)

"म्हणजे आमच्या तलाठ्याला वाचवायला आणीबाणी होती व्हय?" एका म्हातारीनं विचारलं. लोक हसले नाहीत. दिल्लीत एका माणसाला कुणी प्रश्न विचारायचा नाही असं ठरलं की गल्लीगल्लीतल्या प्रत्येक लहान सत्ताधाऱ्याला तेच संरक्षण आपोआप मिळतं. रेशनचा काटा सरळ झाल्याचं कौतुक करणाऱ्या गावाला, तो कधी वाकडा झाला हे सांगणारी बातमी कुठं अडली होती, ते त्या दिवशी भिंतीवर दिसलं.

मार्चमध्ये मतदान झालं. रायबरेलीत इंदिरा गांधी पंचावन्न हजारांहून अधिक मतांनी हरल्या. महाराष्ट्रात अठ्ठेचाळीसपैकी काँग्रेसला वीस जागा मिळाल्या. साताऱ्यातून यशवंतराव निवडून आलेच. सगळी माणसं सगळीकडं एकसारखा विचार करत नाहीत, आणि तसा करायची सक्ती नसणं याचसाठी तर सगळा खटाटोप होता. २१ मार्चला आणीबाणी उठली. दूध सोसायटीच्या नोटिशीत 'सभासदांचे प्रश्न' परत यायला मात्र आणखी दोन वर्षं गेली. त्यासाठी तीन सभासदांना लेखी अर्ज करावा लागला.

नव्या संसदेनं १९७८ साली ४४ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. 'अंतर्गत अशांतता' या सैल शब्दांच्या जागी 'सशस्त्र उठाव' आला. जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं ठरलं. आणि मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवल्याशिवाय आणीबाणीची घोषणा करता येणार नाही, असं घटनेतच लिहिलं गेलं. मास्तरांनी ही बातमी आतल्या पानात न घेता पहिल्या पानावर घेतली आणि जुळवायला दिली. तात्या खिळे उचलताना 'लेखी'पाशी थांबले, पुन्हा एकदा मजकूर वाचला आणि मग ओळ पुरी केली.

भाऊ आता मोठे झाले होते. त्यांचा पक्ष दिल्लीत सत्तेत, मुंबईतही सत्तेतला भागीदार. कचेरीत त्यांच्या शब्दाला वजन. स्थानिक निवडणूक आली आणि हमालांच्याच एका गटानं त्यांच्याविरुद्ध हँडबिल छापायला टाकलं: संघटनेच्या इमारत निधीचा हिशेब द्या. भाषा जरा तिखट होती. संध्याकाळी भाऊ स्वतः छापखान्यात आले. अण्णांनी खुर्ची दिली, चहा सांगितला.

"तात्या, ते पत्रक तेवढं थांबवा," भाऊ म्हणाले. "हिशेब आहे माझ्याकडं, सगळा चोख. पण ऐन निवडणुकीत चिखलफेक बरी नाही. तुम्ही आपले आहात म्हणून सांगतो."

तात्यांनी स्टिक खाली ठेवली. "भाऊ, तेवढं लेखी द्या."

खुर्चीत बसलेल्या माणसाचा चेहरा क्षणभर अगदी त्या कारकुनासारखा झाला. मग तो लालभडक झाला. "माझ्या मुलीच्या पत्रिकेसाठी कचेरीत बसून राहिलात तुम्ही. आणि मलाच लेखी मागता?"

"तेव्हा मागितलं, म्हणून आज मागता येतंय. ह्या पोरांचं पत्रक मी तुमच्या शब्दावर थांबवलं, तर उद्या तुमचं कुणाच्या शब्दावर थांबवू?"

भाऊंनी अण्णांकडं पाहिलं. अण्णा कागद मोजत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण मोजणंही थांबवलं नाही. बाहेर हमालांची दोन पोरं पत्रक न्यायला येऊन उभी होती. भाऊंना पाहून ती दारातच घुटमळली. भाऊंनी त्यांना आत बोलावलं.

"छापा," ते तात्यांना म्हणाले. "आणि मग माझं उत्तरही छापा. उद्या सकाळी दोन्ही एकदमच वाटू देत बाजारात. हिशेबासकट."

"छापतो की. पण ते मात्र लेखीच लागेल, भाऊ. तोंडी सांगितलेलं मी जुळवू कसा?"

भाऊंनी खिशातलं पेन काढलं. एका पोरानं पाठकोरा कागद पुढं केला. अण्णा म्हणाले, "दर दोघांना सारखाच. आणि अर्धे आगाऊ, पक्ष कुठलाही असो."